उचलू का, मनांग?

दुपारचं ऊन तापलं की आमच्या वस्तीतल्या बास्केटबॉलच्या मैदानावरून पोरं घरी पळतात आणि आम्ही बाया तिथे नाचायला जमतो. वर पत्र्याचं छप्पर आहे, खाली सिमेंटची गुळगुळीत जमीन आहे, आणि खांबांवर पंखे आहेत. पंखे कप्तान रोमुलोने बसवले. कप्तान म्हणजे आमच्या वस्तीचा निवडून आलेला सरपंचच म्हणा. दर निवडणुकीला तो आम्हाला त्या पंख्यांची आठवण करून देतो, आणि आम्हीही वारा खाल्लेला असल्यामुळे गप्प बसून मत देतो.

मी सालिंग. सकाळी चर्चच्या फाटकाशी कोळशावर बिबिंगका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा लोणी लावलेला केक, भाजून विकते आणि दुपारी नाचते. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, सालिंग, आता जपमाळ धर. जपमाळ मी पहाटेच उरकते. उरलेला दिवस काय करायचा ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तेर्योकडे चा-चा शिकायला गेले.

एलेउतेरियो सुमागायसाय हे त्याचं पूर्ण नाव. एवढं नाव घेईपर्यंत गाणं संपतं, म्हणून तेर्यो. नाच शिकवायचा आणि ज्या बाईला जोडीदार नाही तिच्याबरोबर नाचायचं, हा त्याचा धंदा. आमच्या इलोइलो शहरात असे नाच-मास्तर पुष्कळ आहेत. बहुतेक उंच, सडपातळ, अत्तर मारलेले, आणि बाईच्या कानातल्या कुड्या खऱ्या की खोट्या हे चालीवरून ओळखणारे. तेर्यो त्यांच्यातला नव्हे. तो बुटका, रुंद, आणि मान देवाने त्याला द्यायची राहूनच गेली. पांढरे नाचाचे बूट पिशवीत घालून तो चपला फटफटवत यायचा, कोपऱ्यात बसून बूट चढवायचा आणि उठला की एकदम दुसराच माणूस व्हायचा. बायको हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळते, लेक नर्सिंग शिकते. घरात तो आणि एक लढाऊ कोंबडा, जो कधीही लढत नाही.

नाचाआधी तो बंदरावर हमाल होता. तांदळाची पोती वाहून वाहून त्याचे खांदे तयार झाले होते. त्यामुळे बाईला उचलून डोक्यावर नेणं हे जे इतर मास्तरांना जमत नाही, ते त्याला सहज जमे. आणि खरं सांगू, बायांना त्याचंच वेड. वाढदिवस असो, गावजत्रा असो, नाचाच्या शेवटी बाई वर गेली पाहिजे, खाली पोराबाळांनी टाळ्या पिटल्या पाहिजेत आणि फोटो निघाला पाहिजे. फोटो नसेल तर वाढदिवस झालाच नाही. तेर्योला बोलावणी यायची ती यासाठीच.

पण तो विचारायचा. प्रत्येक वेळी. "उचलू का, मनांग?" मोठ्या बहिणीला आम्ही मनांग म्हणतो, मोठ्या भावाला मनोंग, आणि तेर्योच्या दृष्टीने सगळ्या बाया मोठ्या बहिणीच होत्या, अगदी त्याच्याहून लहान असल्या तरी. काल उचललेल्या बाईलाही आज पुन्हा विचारायचा. एकदा आमच्यातली फेली वैतागून म्हणाली, "अरे, काल हो म्हटलं ना?"

"काल तुम्ही दुपारी पान्सितच्या शेवया खाल्ल्या नव्हत्या, मनांग," तेर्यो म्हणाला. "आज ताटभर खाल्लंय, मी पाहिलंय. आजचं सांगा."

ही सवय त्याला जन्मजात नव्हती. फार पूर्वी एका जत्रेत तो दाताच्या डॉक्टरच्या बायकोबरोबर नाचत होता. त्याने विचारलं, उचलू का? ती हसून म्हणाली, "तुझी मर्जी." भोवती सगळं घर टाळ्या वाजवत होतं. त्याने उचललं. हवेत गेल्यावर बाई फळीसारखी ताठ झाली आणि तिने आधारासाठी दोन्ही मुठींत त्याचे केस धरले. केस धरल्यावर कुठला माणूस सरळ उभा राहील? दोघं जेवणाच्या टेबलावर कोसळले. पान्सितची परात, सॉस, केक, सगळं अंगावर. लोक हसले, पण बाईचं मनगट मोडलं होतं. तेर्यो तिला बघायला इस्पितळात गेला तेव्हा ती म्हणाली, "मला नकोच होतं रे. पण सगळे एवढे आनंदात होते."

आता यात तिची चूक काढायची तरी कशी? आमच्याकडे 'नाही' म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं. आम्ही भांडलो तरी ऐकणाऱ्याला वाटतं, अंगाई म्हणतायत. जेवायला बसा म्हटलं की दोनदा 'नको, नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं, ही रीत. पहिल्याच हाकेला जो बसतो तो हावरट, आणि तिसऱ्यांदाही जो बसत नाही तो शिष्ट. अशा गावात बाईचं खरं 'नको' कुठलं आणि रीतीचं 'नको' कुठलं, हे ओळखणार कोण?

तेर्योने त्यावर तोडगा काढला. त्याच्या हिशेबी 'तुझी मर्जी' म्हणजे नाही. नुसतं हसणं म्हणजे नाही. 'बघू' म्हणजे तर दोनदा नाही. हो म्हणायचं तर ते मोठ्याने, आणि त्यानंतर उडी बाईनेच मारायची. तो खाली वाकून कमरेच्या हाडांपाशी हात धरून तयार राहायचा. बाईने गुडघे वाकवून स्वतःला वर फेकलं तरच तो उचलणार. नाही फेकलं तर तो तसाच गिरकी घेऊन पुढच्या पावलावर जायचा, आणि बघणाऱ्याला कळायचंही नाही की काही राहिलं. "पोतं बोलत नाही, मनांग," तो सांगायचा. "म्हणून ते मुकाट्याने उचलायचं. तुम्ही बोलता. मग बोला की." वर गेल्यावरही 'खाली' म्हटलं की ताबडतोब खाली. गाणं राहिलं बाजूला.

त्याचे आणखीही दंडक होते. उचलायच्या दिवशी दंडाला तेल नाही, लोशन नाही. कमरेला मणी नाहीत, कारण मणी त्याच्या तळहाताला सोलून काढायचे. एकदा एक नवरा पुढे आला. म्हणाला, "उचल रे हिला, माझी परवानगी आहे." बाई बिचारी जमिनीकडे बघत होती. तेर्यो म्हणाला, "मनोंग, हो तुम्ही म्हणालात?" "हो, मी म्हणालो." "बरं," म्हणून तेर्योने त्या नवऱ्यालाच उचललं, बिअरच्या पोटासकट, आणि एक गिरकी देऊन ठेवलं खाली. आम्ही हसून हसून खांबांना टेकलो. त्यानंतर कुठल्याही नवऱ्याने परवानगी दिली नाही.

मला तो जवळजवळ सबंध उन्हाळा विचारत होता आणि मी नाहीच म्हणत होते. माझा देह बिबिंगकावर पोसलेला आहे. तो हवेत न्यायचा म्हणजे कायद्यानेच बंदी पाहिजे. तो एकदाही म्हणाला नाही, "अहो, घाबरता काय?" विचारायचा, मी नाही म्हणायची, आणि आम्ही पुढे नाचायचो. मग एका दुपारी काय अंगात आलं कोण जाणे, मी ओरडले, "उचल!" आणि उडी मारली. बास्केटच्या फळीमागे चिमणीने घरटं केलंय हे मला त्या दिवशी कळलं. मी किंचाळले, "खाली!" आणि पाय जमिनीला लागलेसुद्धा. मला इतकं छान वाटलं की त्या दिवशी मी रस्त्यातल्या भिकाऱ्यालाही मनोंग म्हटलं.

तर असा हा तेर्यो. आता त्याची पन्नाशी उलटली होती, आणि त्याच सुमारास कप्तानाच्या आईची, मनांग पुरिंगची, पंच्याहत्तरी आली.

पुरिंग म्हणजे मूठभर बाई. वजन एका कोंबडीचं, आवाज पाद्रीबाबाचा. तिच्या नवऱ्याला बायकोने नाचलेलं खपत नसे, त्यामुळे सगळ्या जत्रांत ती भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून नाचणाऱ्या बायांच्या पर्सेस सांभाळायची. नवरा गेला, शोकाचं वर्ष संपलं, आणि काळे कपडे उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मैदानावर हजर झाली. "मला शेवटी वर जायचंय," तिने तेर्योला पहिल्याच दिवशी सांगितलं. "आयुष्यभर मी लोकांना खालून बघितलं. एकदा वरून बघायचंय." त्याने विचारलं की ती इतक्या मोठ्याने हो म्हणायची की बाजूच्या गल्लीतली कुत्री भुंकायची.

कप्तानाने वाढदिवसाचं मोठं कापडी पोस्टर छापून मैदानाच्या फाटकावर टांगलं. त्यात पुरिंगचा फोटो, पाठीला देवदूताचे पंख, आणि खाली तेर्योचा छोटासा फोटो, दोन्ही हात वर केलेला. अक्षरं अशी की नदीपलीकडून वाचता यावीत: 'नानाय पुरिंग पंच्याहत्तरीत उडणार!' नानाय म्हणजे आई. कॅलिफोर्नियाहून लेकी येणार, अख्खं डुक्कर भाजणार, सगळी वस्ती जेवणार.

सरावात मात्र मला काहीतरी खटकत होतं. तेर्यो पुरिंगला अर्ध्यावर नेऊन खाली ठेवायचा. "पूर्ण त्या दिवशी," तो म्हणायचा, "आत्ताच वापरून टाकलं तर मजा जाईल." पूर्वी तो सराव पूर्ण केल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. पिशवीही आता उजव्या खांद्यावर लटकायची. आणि केस! पोमेडने चापून बसवलेले त्याचे केस डावीकडून विसकटलेले दिसू लागले.

एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर तो माझ्याकडे आला. मी केळीच्या पानावर बिबिंगका ठेवून मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूने पुढे केली. त्याने उजवा हात पोटावरून आडवा आणून ती घेतली.

"डावा हात वर कर," मी म्हटलं.

"का मनांग, शपथ घ्यायचीय?"

"वर कर म्हणते ना."

हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. तेर्योचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"हळू बोला ना. लोक ऐकतायत."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. तो म्हणाला, ओझी उचलू नका. मी म्हटलं, ओझी कुठे उचलतो, बाया उचलतो. तर म्हणाला, त्याही नकोत."

मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी रागही आला. "मग पुरिंगला सांगत का नाहीस?"

"कसं सांगू? पोस्टर लागलंय. लेकींनी तिकिटं काढलीत. कप्तान रुसला तर मैदान बंद, तुमचा सगळ्यांचा नाच बंद. आणि मनांग, जो मास्तर उचलत नाही त्याला उद्यापासून बोलावणार कोण? लेकीचं अजून एक वर्ष आहे."

"अरे, पण तुला नको असेल तर?"

तो हसला. खरोखर गंमत वाटल्यासारखा. "तीनचाकी रिक्षाला कुणी विचारतं का, बाई, मला बसवून घेतेस का म्हणून? पैसे दिले की ती चालते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गावभरच्या बायांना 'नाही' म्हणायला शिकवलं, आणि हा बाबा स्वतः तीनचाकी होऊन बसला. माझं डोकं फिरलं. मी निखारे उगाचच ढोसले.

"ऐक," मी म्हटलं. "पुरिंग हो म्हणाली ती कुणाला? चांगल्या खांद्याला. या दुखऱ्या खांद्याला तिने हो म्हटलेलंच नाही. तिला त्याची ओळखसुद्धा नाही. मग तिचं ते हो कुठल्या कामाचं?"

तेर्यो चावायचा थांबला. मग म्हणाला, "सांगतो मी तिला. पण मीच सांगणार. तुम्ही बोलायचं नाही, तुम्हाला तुमच्या नवऱ्याची शपथ."

"कधी सांगणार?"

"सांगतो ना."

आमच्या गावात 'सांगतो ना' म्हणजे काय हे मला जन्मापासून माहीत आहे. बोलावं तर त्याच्या तोंडचा घास मी काढला, न बोलावं तर पुरिंगचं कंबरडं. पंच्याहत्तरीत मोडलेलं हाड जुळत नाही हो. शेवटी मी ठरवलं, शपथ पाळायची, पण वेळ आलीच तर गप्प बसायचं नाही. नवरा जिवंत असताना त्याचं तरी मी कुठे सगळं ऐकलं?

वाढदिवसाच्या दुपारी मी गाण्याच्या यंत्राशेजारची खुर्ची धरली. मैदान खच्चून भरलं होतं. डुक्कर टेबलावर तोंडात सफरचंद धरून पडलं होतं, आणि कप्तान मायक्रोफोन धरून त्याच्याहून जास्त चकाकत होता. पुरिंगने आकाशी रंगाचा झगा घातला होता, कमरेला एकही मणी नाही. ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना. तेर्योवर मी डोळे वटारले. त्याने मान खाली घातली, म्हणजे अजून सांगितलेलं नव्हतं.

नाच सुरू झाला. रुंबा छानच झाला. पुरिंगची पावलं नाजूक, तेर्योचा हात तिच्या पाठीवर हलका. मग गाणं चढायला लागलं. तेर्यो वाकला, हात पुढे केले आणि सवयीने तोंडातून निघालंच, "उचलू का, मनांग?"

"हो!" पुरिंग गरजली आणि तिने गुडघे वाकवले.

तेर्यो तिथेच राहिला. मग एक गुडघा जमिनीला टेकून म्हणाला, "मनांग, थांबा. मला... नको."

टाळ्यांचा कडकडाट झाला! लोकांना वाटलं, हा लाजतोय. कप्तान मायक्रोफोनवर ओरडला, "अरे वा, मास्तर आढेवेढे घेतायत! जोरात टाळ्या!"

"नको, मनांग. खरंच नको," तेर्यो पुन्हा म्हणाला.

आता तर सगळं मैदान पेटलं. दोनदा नको झालं, म्हणजे आता तिसऱ्यांदा हो ठरलेलंच! बाया, पोरं, कॅलिफोर्नियाच्या लेकी, सगळे ताल धरून ओरडू लागले, "उचल! उचल! उचल!" तेर्यो काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू कुणाला येणार? मी त्याचे हात पाहिले. ते पुरिंगच्या कमरेकडे निघाले होते. तो उचलणार होता. त्या गलक्यात तो बिचारा तिसऱ्यांदा हो म्हणणार होता.

मी यंत्राची वायर धरली आणि खेचली. गाणं मेलं, मायक्रोफोन मेला, आणि पंखेही त्याच वायरवर होते म्हणून तेही मेले.

त्या शांततेत तेर्योचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा डावा खांदा गेलाय. बरेच महिने झाले. मी तुम्हाला पाडीन, मनांग. मला उचलायचं नाहीये."

कुणी टाळी वाजवली नाही. कप्तान बंद मायक्रोफोनमध्येच काहीतरी बोलून गेला. पुरिंग त्याच्यासमोर उभी होती, वाकवलेले गुडघे अजून तसेच. मग ती सरळ झाली आणि तिने तेर्योचा कान धरला. लाडाने नव्हे, चांगला पिळला.

"एवढे दिवस मला हो-हो करायला लावलंस! आणि माझं हाड मोडलं असतं म्हणजे?"

"चुकलं, मनांग."

"चुकलं काय चुकलं! मला विचारतोस, आणि मला सांगत नाहीस?" तिचा आवाज एकदम फुटला. "मला वर जायचं होतं रे, तेर्यो."

आई रडतेय म्हटल्यावर कप्तान धावला. "नानाय, मी उचलतो तुला!" म्हणून त्याने तिला कव घातली. पुरिंगने त्याच्या हातावर अशी चापट मारली की मागच्या रांगेत ऐकू गेली. "खबरदार! मला विचारलंस?"

कप्तानाला हे अगदीच नवीन होतं. त्याने हात मागे घेतले आणि कडेला जाऊन उभा राहिला.

पुरिंगने डोळे पुसले आणि आम्हा बायांकडे पाहिलं. "तुम्ही उचलाल का मला? खुर्चीवर बसवून? ज्यांना नको त्यांनी नको म्हणा, मी रागावणार नाही." फेली हो म्हणाली. मी हो म्हणाले, मोठ्याने. दोघीतिघी आणखी पुढे आल्या. डोलोर म्हणाली, "माझे गुडघे, मनांग. नाही जमणार." आणि ती बसून राहिली. तिला कुणी ओढलं नाही. आमच्या गावात मी असं पहिल्यांदाच पाहिलं.

तेर्यो गुडघ्यावरून उठला आणि एकदम मास्तर झाला. ही खुर्ची नको, प्लास्टिकचे पाय फाकतात, लाकडी आणा. फेली, पाठीतून नाही, मांड्यांतून उचलायचं. सालिंग, हाताचं लोणी पुसा. मनांग पुरिंग, उचलू देऊ का यांना?

"हो!" आणि गेली वर. फार नाही, आमच्या खांद्यांएवढी, तीही तिरकी, कारण फेली ठेंगणी आहे. पण गेली. तिने वरून सगळीकडे बघून घेतलं. मग पाद्रीबाबाच्या आवाजात म्हणाली, "रोमुलो, तुला टक्कल पडायला लागलंय!"

हसण्याच्या त्या कल्लोळात कुणीतरी पंखे लावले, डुक्कर कापलं गेलं. तेर्यो मात्र दिसेना. पांढरे बूट घालूनच तो घरी गेला होता, चपला कोपऱ्यात तशाच.

पुढचे कितीतरी दिवस तो मैदानावर आला नाही. मैदान बंद झालं नव्हतं; आईपुढे कप्तानाची काय बिशाद? पण बाकीच्या गावांत बातमी पोचली होती. ज्या जत्रांना तो दरवर्षी असायचा त्यांनी दुसरे मास्तर ठरवले, उंच आणि अत्तरवाले. मी त्याच्या दारात दोनदा जाऊन आले. आतून कोंबडा ओरडायचा, तेर्यो ओ द्यायचा नाही. मला अपराध्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला. माणसाने एकदा खरं बोलावं आणि मग तोंड लपवून बसावं, ही कुठली रीत?

शेवटी पुरिंग स्वतः गेली. काय बोलली देव जाणे, पण दुपारी ती त्याला घेऊन आली. त्याच्या हातात बुटांची पिशवी होती आणि चेहरा उपास धरल्यासारखा. आम्ही चा-चा लावला होता. सगळ्या थांबलो.

"आम्ही ठरवलंय," पुरिंग म्हणाली. "तू शिकवायचं. उचलायचं कुणालाच नाही. आणि आता, नाचशील का माझ्याबरोबर?"

"तुमची मर्जी, मनांग," तेर्यो म्हणाला.

"हे उत्तर नाही. चा-चा लागलाय. हवाय की नकोय?"

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने आमच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मी त्याला कधी इतका वेळ घेताना पाहिलं नव्हतं.

"चा-चा नको," तो म्हणाला.

"मग काय हवं?"

"वॉल्ट्झ."

"वॉल्ट्झ आवडतो तुला?"

"पहिल्यापासून. बंदरावर असताना एका बोटीवरच्या रेडिओवर ऐकला होता, तेव्हापासून." त्याने पिशवीतून बूट काढले. "चा-चा मला कधीच आवडला नाही, मनांग."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वर्षानुवर्षं, रोज दुपारी, आम्ही त्याच्याबरोबर चा-चा नाचत होतो. फेलीने हळूच गाणं बंद केलं. मी यंत्राशी गेले आणि वॉल्ट्झ शोधू लागले. वरपासून खालपर्यंत सगळी गाणी चाळली, मग पुन्हा एकदा चाळली. तेर्यो कोपऱ्यात बसून बूट चढवत होता, आणि आमच्या त्या यंत्रात वॉल्ट्झ एकही नव्हता.